फाटू न दिलेला आवाज

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की ते कोणाच्या लक्षात येत नाही. लग्नात अक्षता पडतात, सप्ताहात कीर्तन रंगतं, सभेत पुढारी बोलतो. लोक बुवाला नावाजतात, पुढाऱ्याला शिव्या देतात, आणि कोपऱ्यात तापत बसलेल्या पेटीकडं ढुंकून बघत नाहीत. बघितलंच तर समजावं, शिट्टी वाजली असेल, नाहीतर धूर निघाला असेल. अशा पेट्या, म्हणजे अँप्लिफायर, मी जन्मभर बनवल्या आणि दुरुस्त केल्या. त्याची एक खोड कायमची लागली. लांबून कुठं भोंगा ऐकू आला की मी आधी घरघर ऐकतो, मग गाणं. बायको म्हणते, तुमच्याबरोबर लग्नाला जाणं म्हणजे दवाखान्यात जाण्यासारखं आहे.

माझं गाव कुडाळच्या पलीकडं. सातवीनंतर शाळा सुटली. वडील गेले होते, घरात खाणारी तोंडं जास्त होती. मावशीचे यजमान रेल्वेत होते, ते एक्क्याऐंशी साली मला जालन्याला घेऊन आले. आंब्याफणसाच्या सावलीतून उठून काळ्या रानाच्या देशात. आलो, आणि काही दिवसांतच मावसोबांची बदली झाली. नव्या ठिकाणी त्यांनाच जागा अपुरी होती. मी नवीन जालन्याच्या स्टेशनासमोर उभा राहून आता कुठं जायचं याचा विचार करत होतो, तेव्हा समोरच्या दुकानातून एक जाड चष्म्याचे, धोतर नेसलेले गृहस्थ बाहेर आले.

"सकाळपासून बघून राह्यलो मी तुला. गाडी चुकली, का माणूस चुकला?"

"माणूस," मी म्हणालो.

"मंग आत ये. माणसाची गाडी रोज न्हाई येत."

ते रंगनाथराव. शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली, त्यामुळं हिशेब उर्दूत करायचे आणि देवाला मराठीत नमस्कार करायचे. सगळा बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा. त्यांच्या घरी मी जेवलो, त्यांच्या दुकानात झोपलो, त्यांच्याकडून शिकलो. जालन्यात माझं म्हणून जे काही आहे ते त्या दोन वाक्यांतून सुरू झालं आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात उस्तादांच्या हातची एक गोष्ट येते, आणि वाचणाऱ्यानं त्यांना कमी लेखू नये.

त्या काळी आमच्या पेट्या वॉल्व्हच्या असत. वॉल्व्ह म्हणजे काचेची छोटी बाटली. आत तार लालसर पेटते, एका बाजूनं माइकचा मुंगीएवढा आवाज शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं हत्तीएवढा होऊन निघतो. त्यासाठी आत शेकडो व्होल्टचा करंट खेळवावा लागतो. उस्तादांनी पहिला धडा दिला तो हाच: पेटी उघडली की डावा हात पाठीमागं. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. आणि पेटी बंद असली तरी भरवसा नाही, आतले कंडेन्सर करंट साठवून बसतात. "बंद पेटीबी चावते," उस्ताद म्हणायचे, "रुसलेल्या जावयासारखी."

ट्रान्सफॉर्मर आम्ही स्वतः गुंडाळायचो. लोखंडी पत्र्या भंगारातून आणायच्या, त्यांचा गंज घासायचा, तांब्याची तार हातानं फिरवायच्या चरख्यावर थरावर थर चढवायची, प्रत्येक थरामागं कागद घालायचा. मग वार्निशमध्ये बुडवून गच्चीवर उन्हात वाळवायचं. कोकणात आमची आई अंगणात आमसुलं वाळवायची, मी जालन्यात ट्रान्सफॉर्मर वाळवत होतो.

तयार झालेली पेटी पास करायची रीत मात्र आमच्याच दुकानात होती. पेटी सकाळी लावायची आणि तिच्यावर भजनाची एक ठरलेली तबकडी दिवसभर फिरवायची. दुकानाच्या मागंच उस्तादांचं घर. काकू आत स्वयंपाक, निवडण-टिपण करत असायच्या. दुपारनंतर कधीतरी त्या डोकं बाहेर काढून विचारायच्या, "अहो, बंद केलं का ते?" आणि पेटी तर चालूच असायची. तेवढं झालं की उस्ताद खूश. आवाज इतका साफ की कानाला त्याचा विसर पडला, म्हणजे पेटी पास. पण काकू कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या की पेटी पुन्हा उघडायची. काकूंना रेझिस्टन्स माहीत नव्हता की कंडेन्सर. पण त्यांच्या पसंतीशिवाय आमच्या दुकानातून पेटी कधी गेली नाही.

उस्तादांचा एकच धर्म होता, आवाज फाटू द्यायचा नाही. पेटीच्या ताकदीबाहेर आवाज चढवला की तो चिरका, खरखरीत होतो. त्याला आम्ही फाटणं म्हणतो. कापड फाटतं तसंच ऐकू येतं. "आवाज फाटला की इज्जत फाटली," ते म्हणायचे. एकदा हसनाबादचा एक शेतकरी आला. मक्यात रानडुकरं शिरतात, विहिरीवर लाइट आहे, तिथं भोंगा लावायचा म्हणाला.

"उस्ताद, मला साफबीफ काही नको. फाटकाच आवाज करा. लई फाटका. डुकरं पळाली पायजेत."

उस्तादांनी चष्मा वर केला. "माझ्या दुकानातून फाटका आवाज जाणार न्हाई."

"अहो, डुकराला काय कळतंय?"

"डुकराला न्हाई कळत. मला कळतंय ना."

त्यांनी त्याला साफ आवाजाची पेटीच दिली. पुढच्या मोसमात तो परत आला आणि म्हणाला, डुकरं आता बांधावर बसून ऐकतात. खरं-खोटं तोच जाणे. उस्ताद मात्र ही गोष्ट स्वतःच लोकांना सांगून हसायचे.

उत्तम आमच्याकडं आला तो ऐंशीचं दशक उलटायला आलेलं असताना. केदारखेड्याच्या मोठ्या बागायती घरातला मुलगा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. कॉलेजसाठी जालन्यात राहिला आणि कॉलेजापेक्षा ऑर्केस्ट्रातच जास्त रमला. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच, सगळा आवाज पेटीचा. त्याच्याकडं एक जुनी विलायती पेटी होती, मुंबईच्या कुठल्या तरी पार्टीनं विकलेली. हसनाबादच्या कार्यक्रमात ती जळाली. आमच्याकडं तेव्हा लाइटचा खेळ असा असायचा की शिवारातले पंप चालू असेपर्यंत दिवे मिणमिणते, आणि पंपांची लाइन गेली की गावातला दाब एकदम उसळायचा. त्या उसळीत पेटीचा ट्रान्सफॉर्मर वितळला आणि आतलं बरंचसं कोळसा झालं.

त्यानं ती पोत्यात घालून आणली. आत फळीवर चिकटवलेला तारांच्या जोडणीचा नकाशा तेवढा वाचला होता, कडेनं करपलेला.

"दुरुस्त नका करू," तो म्हणाला. "होणार न्हाई ते मलाबी दिसतंय. ह्या नकाशावरनं नवी करता येईल का? औरंगाबादचा ऑर्केस्ट्रावाला पार्टी घेऊन दौऱ्यावर निघायलाय. त्याला गिटारवाला पायजे, कायमचा. पोळ्यानंतर मला ऐकायला बोलवलंय. आमचे वडील, नाना, म्हणले, घेतलं तर जा, मी आडवा येत न्हाई. न्हाई घेतलं तर मंग परत नाव काढायचं न्हाई, शेतात यायचं."

उस्तादांनी नकाशा उजेडात धरला, मग माझ्यापुढं सरकवला. "कोकण्या, ही तू करायची. एकट्यानं."

तोवर मी उस्तादांच्या हाताखाली काम केलं होतं, अख्खी पेटी एकट्यानं कधीच नाही. मी इतका धास्तावलो की प्रत्येक डाग, म्हणजे तारेचा कथलानं केलेला सांधा, देऊन झाला की तो ओढून बघायचो, आणि जेवून आलो की सगळे पुन्हा ओढून बघायचो. उस्ताद म्हणाले, "अशानं पक्का डागबी सुटंल." वॉल्व्ह बाजारात मिळत नव्हते. एका टॉकीजनं जुनं साउंडचं मशीन भंगारात काढलं होतं, त्यातून चार मिळवले. चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, कूलर बनवणाऱ्याकडून वाकवून घेतलं. लाकडी खोका उत्तमनं गावच्या सुताराकडून करून आणला, बाभळीचा. उचलताना दोन माणसं लागायची.

तो अधूनमधून यायचा, स्टुलावर बसून माझं काम बघायचा. हातात गिटार नसली तरी डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत असायची, इथं दाब, तिथं दाब.

"सदाभाऊ, तुम्हाला घरची आठवण येती का?"

"येते. पण गेलो की आई म्हणते, झिला, तुझा बोलणा माका कळणा नाय."

"आन् इथं तुम्हाला कोकण्या म्हणत्यात."

"हो."

"म्हणजे तुम्ही दोन्हीकडं पाव्हणे." तो हसला. मग म्हणाला, "मीबी घरात तसाच हाय. नाना माझ्याशी बोलत्यात, पण गिरायकाशी बोलल्यासारखं."

पेटी तयार झाली. मी तबकडी लावली. हळू होतं तोवर ठीक वाटलं. जरा चढवलं आणि भजन फाटायला लागलं. बुवांचा स्वर खरखरीत, टाळ तर पत्र्यावर खडे पडल्यासारखे. आतून काकू धावत आल्या, "अगं बाई! काय फाटलं रे?"

मी दोन दिवस सगळं तपासत होतो. नकाशाप्रमाणं एकही तार चुकलेली नव्हती, तरी आवाज फाटत होता. आपलंच काहीतरी चुकतंय, आपण सातवी शिकलेलो, विलायती पेटी आपल्याच्यानं कशी होणार, हेच मनात यायचं. तेवढ्यात घरून तार आली, आईची तब्येत बरी नाही. मी तसाच निघालो. निघताना उस्तादांना एवढंच म्हणालो, "उस्ताद, पेटी फाटतेय. तेवढं बघा."

"जा तू जल्दी. मी हाय ना."

आई त्या दुखण्यातून उठली. मी महिन्याभरानं परत आलो, तोवर पोळा होऊन गेला होता. पेटी दुकानात नव्हती. उस्ताद माझी वाटच बघत होते.

"लेकरा, चूक तुझी नव्हती. नकाशाची होती. उलटी तारच दाखवली न्हाई त्यात! विसरले ते लोक. मी घातली. मंग तबकडी लावली, तर दुपारी हिनं विचारलं, बंद केलं का म्हणून. एकदम पास."

उलट्या तारेबद्दल थोडं सांगतो. पेटीतून बाहेर पडणाऱ्या आवाजातला चिमूटभर आवाज एक तार परत आत, दारापाशी आणून सोडते. त्यामुळं पेटी स्वतःचं बोलणं स्वतःच ऐकते आणि जिथं तोल जातो तिथं सावरते. माझ्यासारख्या माणसाला ती तार पटकन समजली. मीही बोलताना असाच स्वतःला ऐकत आणि सावरत बोलतो. आमच्या प्रत्येक पेटीत ती असायची. ती नसलेली पेटी म्हणजे उस्तादांच्या दृष्टीनं लगाम नसलेला घोडा.

"पण उस्ताद, विलायतेतले लोक एवढी तार कसे विसरले?"

"इंग्रजाला काय सगळंच येतंय व्हय?"

मी मनापासून हसलो. माझी पहिली पेटी पास झाली होती. उत्तमचं काय झालं, हे विचारायचं त्या आनंदात जरा मागं पडलं. मग उस्तादांनीच सांगितलं, "त्याला घेतलं न्हाई."

उत्तम महिना-दोन महिन्यांनी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माल घालायला आला तेव्हा दुकानात डोकावला. मी चहा मागवला.

"काय म्हणाला ऑर्केस्ट्रावाला?"

"म्हणला, बोटं सुरात हायेत, पण गिटार झोपलीय. अंगार न्हाई." तो बशीत चहा ओतत होता. "मी फुल्ल आवाज केला, जोर लावून मारलं. न्हाई आलं. जुन्या पेटीत यायचं ते."

"पेटीत काही कमी आहे का? मी बघतो ना पुन्हा."

"नको नको, पेटी एकदम बराबर हाय. एवढी साफ पेटी म्या पाह्यली न्हाई. विलायती पेटी होती तवा ती माझं झाकून घ्यायची. ह्या पेटीनं खरं ते दाखवलं." मग उठता उठता म्हणाला, "तुम्ही लई जीव लावून केली, सदाभाऊ. म्या ऐकलंय उस्तादाकडनं."

मी खाली मान घातली. बरं वाटलं, हे खरं. त्याचं काय गेलं हे मला तेव्हा कळलं नाही. त्यालाही कळलं नाही. विलायती माल तो विलायती, आपला तो आपला, एवढी समजूत आम्हा दोघांच्याही मनात पक्की होती. कमी कुठं आहे हे शोधायचं म्हटलं की आम्ही आधी स्वतःकडंच बोट करायचो.

तो केदारखेड्याला गेला तो गेला. बियाणं कंपन्यांचे प्लॉट घ्यायला लागला. कपाशीच्या बीजोत्पादनात फुलं हातानं लावावी लागतात, एका झाडाच्या फुलातला पराग दुसऱ्या फुलावर, एकेक करून, चिमटीनं. त्यात त्याची बोटं चांगली चालायची म्हणे. पेटी गावाच्या देवळाला दिली. सप्ताह, हरिपाठ, गावातली लग्नं, सगळं तिच्यावर. ती जड म्हणून आणि देवळात उंदीर म्हणून राहायची मात्र उत्तमच्याच घरी.

वॉल्व्हचे दिवस संपले. ट्रान्झिस्टरच्या हलक्या पेट्या आल्या, मग तयार मिक्सर आले. लोकांना दुरुस्तीपेक्षा नवं घेणं स्वस्त पडायला लागलं. दुकान मी चालवायचो आणि उस्ताद ते बघत खुर्चीत बसून असायचे. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी यायचं. मी जोरात बोललो की म्हणायचे, "फाटून राह्यलास. हळू बोल." एका थंडीत ते गेले. त्यांच्या दहाव्याला मी दुकानातली एक वॉल्व्हची पेटी लावली आणि तीच तबकडी वाजवली. काकू ओसरीवर बसल्या होत्या. खूप वेळानं म्हणाल्या, "चालू हाय ना रे? ऐकू येत न्हाई मला." मी हो म्हणालो. त्या रडत होत्या, म्हणून ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार दहा साल उलटून गेल्यावर, पुण्याचा एक मुलगा दुकानात आला. रोहन त्याचं नाव. त्याचे काका नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात होते, वॉल्व्हवाला म्हातारा इथं आहे हे त्यांनी सांगितलं असावं. तेव्हा मी म्हातारा नव्हतो, पण वॉल्व्ह म्हटलं की लोक वय वाढवूनच सांगतात.

त्यानं कॉम्प्युटरवरून काढलेला नकाशा टेबलावर पसरला. गिटारची पेटी, जुन्या पद्धतीची, सगळी हातानं बनवलेली. म्हणाला, आता पुन्हा लोक हेच मागतात. वॉल्व्ह त्यानंच आणले होते, नवेकोरे, खोक्यात. मी नकाशा बघितला आणि नेहमीप्रमाणं म्हणालो, "यात उलटी तार दाखवायची राहिलीय. काळजी करू नका, मी घालून देतो."

"नाही काका! ती अजिबात घालू नका," तो जवळजवळ ओरडला.

"अहो, मग आवाज फाटेल."

"फाटलाच पाहिजे. हळू छेडली तर गोड, आणि जोरात मारली की फाटली पाहिजे. त्यासाठीच तर वॉल्व्ह. नाहीतर गिटारला जीवच येत नाही."

मी नकाशाप्रमाणं पेटी बनवून दिली. तो घ्यायला आला तेव्हा गिटार घेऊनच आला. आधी हळू वाजवली. मग दोन-तीन तारा जोरात ओढल्या, आणि दुकानाच्या फळीवरचे डबे थरथरले. तो आवाज मी ओळखला. कोकणात जायच्या आधी माझ्या पहिल्या पेटीतून निघाला होता, तोच. फक्त तेव्हा त्यातून टाळ वाजत होते, आणि गिटारची पेटी आम्ही भजनावर तपासत होतो.

"काका, काय झालं? बसा ना," तो म्हणाला.

पैसे द्यायला लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, गिटारच्या तारांचा एक नवा जोड असला तर तेवढा दे.

दोन दिवस मी जाऊ की नको यातच होतो. जाऊन काय सांगायचं? माणसाचं सगळं मार्गी लागलेलं, मुलं मोठी झालेली. कशाला ढवळायचं? आणि उस्तादांचं नाव निघणार. तिसऱ्या दिवशी भोकरदनच्या गाडीत बसलो. खिशात तारांचा जोड, पिशवीत हत्यारं.

उत्तम अंगणात कपाशीचं बियाणं निवडत होता. केस पांढरे झालेले. मला बघून उठला, आत बायकोला हाक मारली, "अगं, सदाभाऊ आलेत, पेटीवाले! चहा टाक." मग मला म्हणाला, "पेटी चालू हाय बरं का. एक दिवस बंद न्हाई पडली. पंचक्रोशीत आमच्या देवळाचा आवाज येगळा कळतो. लोक म्हणत्यात, केदारखेड्याचा आवाज फाटत न्हाई."

मी पेटी उघडतो म्हणालो, बऱ्याच वर्षांत साफ झालेली नाही. त्याला ते पटलं. मागची फळी काढली. धूळ, कोळ्याची जाळी, एक वाळलेलं झुरळ. आणि सगळ्या तारांमधून वेगळी दिसणारी एक पिवळी तार. दोन्ही टोकांना उस्तादांचे डाग. डाग द्यायच्या आधी ते तार टोकाला राखी बांधल्यासारखी गुंडाळायचे, तशी गुंडाळलेली. कथलाची चमक गेली होती, पण ओढून बघितलं तर तसूभर हलली नाही. त्यांच्या हातचं असं काम आता दुसरीकडं कुठं उरलं असेल असं मला वाटत नाही.

मी उत्तमला सगळं सांगितलं. पेटी माझ्या हातून कशी निघाली होती, का फाटत होती, मी जाताना काय बोललो होतो, उस्तादांनी काय केलं आणि कशासाठी. पुण्याचा मुलगा काय म्हणाला, तेही. तो ऐकत राहिला. मध्ये चहा आला, तो तसाच राहिला.

"म्हणजे ही एक तार?" शेवटी त्यानं विचारलं.

"ही एक तार."

"मंग तोडून टाका."

मी पक्कड हातात घेतली. पण डागाला हात लावता येईना. आणि देवळाचाही प्रश्न होताच. उत्तमच म्हणाला, "थांबा. संध्याकाळी हरिपाठ हाय. तिथं कसं करायचं?"

मग जे सुचलं ते केलं. तार मधोमध कापली, दोन्हीकडचे डाग होते तसे ठेवले, आणि कापलेली टोकं एका छोट्या बटणाला जोडून बटण मागच्या पत्र्यात बसवलं. बटण खाली केलं की तार जोडलेली, वर केलं की तुटलेली. आमच्या धंद्यात एवढंच करता येतं.

गिटार माळ्यावर होती, चादरीत गुंडाळलेली. तारा गंजून काळ्या झालेल्या. त्यानं जुन्या काढल्या, नव्या चढवल्या, कान लावून सूर जुळवले. बोटं आखडली होती, पहिल्यांदा जागा चुकली. तो हसला, पुन्हा धरली. मी बटण वर केलं.

आधी त्यानं हळू छेडली. मग एकदा माझ्याकडं बघितलं आणि जोरात मारली.

आवाज फाटला. भिंतीवरच्या तसबिरीची काच वाजली. निवडायला ठेवलेलं बियाणं सुपात थरथरलं. त्यानं सूर तसाच धरून ठेवला, बोट तारेवर हलवत, आवाज विझेपर्यंत. आत बायकोच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यानं आणखी वाजवलं नाही. गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिला.

"हाच," तो म्हणाला.

मग म्हणाला, "म्हणजे हात बराबर होता."

"एकदम बराबर होता."

"मला वाटलं, हातच कच्चा. पोरांनाबी तेच सांगत आलो. म्हणलं, आपल्यात न्हाई ते, नाद करू नका." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "उस्तादाला कळलं होतं का हे, कधी?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "त्याला सहन झालं नसतं."

बाहेर दिवस कलायला लागला होता. देवळाकडून कोणीतरी त्याला हाक मारली. त्यानं गिटार पुन्हा चादरीत गुंडाळली, पेटीमागं हात घालून बटण स्वतःच खाली केलं, आणि खोक्याची एक कडी धरली. दुसरी मी धरली. बाभळीचा तो खोका अजूनही तितकाच जड होता. आम्ही दोघं तो मधे धरून, पावलं जुळवत देवळापर्यंत गेलो.

हरिपाठ सुरू झाला. म्हाताऱ्या बुवांचा आवाज स्वच्छ, टाळ वेगवेगळे ऐकू येणारे, कुठं घरघर नाही, कुठं फाटणं नाही. काकू असत्या तर पेटी पास झाली असती. लोक डोळे मिटून म्हणत होते. पेटीकडं कोणी बघत नव्हतं.

उत्तम माझ्याशेजारी खांबाला टेकून उभा होता. ओठ हरिपाठाचे शब्द म्हणत होते. पण डावा हात खांबावर होता आणि बोटं दगडावर चालत होती. इथं दाब, तिथं दाब. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि बोटं थांबली.

मी पेटीकडं तोंड फिरवलं आणि आवाज नीट आहे ना ते बघितल्यासारखं केलं.